स्ट्रॉबेरीचा फ्रीझर जॅम: फळ न शिजवता, घरच्या घरी

जॅम घरी करायचा म्हटलं की तासभर गॅससमोर उभं राहणं, हातावर उडणारे गरम शिंतोडे आणि शेवटी तळाला लागलेलं पातेलं घासत बसणं हेच आठवतं, म्हणून बरेच जण त्या वाटेला जातच नाहीत. फ्रीझर जॅममध्ये ह्यातलं काहीच नाही. फळ शिजवायचंच नसतं. कुस्करायचं, साखर घालायची, पेक्टिन, म्हणजे जॅम आळवणारं द्रव्य, पाण्यात उकळून त्यात ओतून तीन मिनिटं ढवळायचं, डब्यांत भरायचं, आळलं की फ्रीझरमध्ये ठेवायचं, बस. पाऊण तासात काम आटोपतं आणि त्यातला गॅसचा वेळ जेमतेम चार-पाच मिनिटांचा.

पण मी हा जॅम सोपा आहे म्हणून करत नाही, मी तो वासासाठी करते. ताज्या स्ट्रॉबेरीचा जो वास असतो ना, तो ज्या द्रव्यांमुळे येतो त्यातली बरीचशी उष्णतेने उडून जातात, म्हणजे जॅम शिजताना घरभर जो घमघमाट सुटतो तो खरं तर बरणीतून निघून चाललेला वासच असतो. रंगाचंही तेच. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा, तो जास्त वेळ तापवला की तपकिरीकडे झुकतो. फ्रीझर जॅम कित्येक महिन्यांनी काढला तरी तसाच लालभडक असतो, आणि झाकण उघडल्यावर आत्ता फळ कापलंय असा वास येतो. एकदा हा खाल्ला की शिजवलेला जॅम वेगळाच पदार्थ वाटायला लागतो, वाईट नाही, पण वेगळा.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. हा जॅम कपाटात टिकत नाही. शिजवलेल्या जॅमच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद करतात, इथे तसं काहीच करत नाही आपण, फळ कच्चं आहे, त्यातली यीस्ट आणि बुरशी मेलेली नाही. त्यांना थांबवून ठेवतो तो फक्त गारठा. म्हणून हा जॅम एकतर फ्रीझरमध्ये नाहीतर फ्रिजमध्ये, तिसरी जागा नाही. फ्रीझरमध्ये वर्षभर छान राहतो, फ्रिजमध्ये तीन आठवडे. फ्रीझर आधीच गच्च भरलेला असेल तर पहिलं काम म्हणजे तिथे चार-पाच छोट्या डब्यांची जागा करणं, कारण जॅम तयार झाल्यावर जागा शोधत बसणं फार वैतागाचं होतं.

आता फळ. स्ट्रॉबेरी झाडावरून तोडली की पुढे पिकत नाही, रंग थोडा चढतो पण गोडी वाढत नाही, त्यामुळे घरी आणून दोन दिवस ठेवू म्हणजे गोड होईल असं काही होत नाही, होते ती फक्त मऊ आणि मग बुरशी धरते. शिजवायचं नसल्यामुळे फळाची चव जशी आहे तशीच जॅममध्ये उतरणार, फिक्या फळाचा फिकाच जॅम होणार. म्हणून घेताना वास घेऊन बघा, देठापर्यंत लाल आहे का बघा, आकाराच्या मागे लागू नका, लहान फळं उलट जास्त चवदार निघतात बऱ्याचदा. आणि एखाद्या फळावर पांढरी लव दिसली तर ते फळ बाजूला, तेवढा भाग कापून बाकीचं वापरू हा हिशोब इथे नको, पुढे उष्णतेचा काही आधार नाहीये.

फ्रोझन स्ट्रॉबेरीचाही होतो, फक्त ती साखर न घातलेली हवी आणि पूर्ण वितळू द्यायची, वितळताना सुटलेलं पाणी फेकायचं नाही, तो रसच आहे, तो धरूनच मोजायचं.

आता प्रमाण सांगते, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळं ह्याच्यावर आहे. कुस्करलेली स्ट्रॉबेरी २ कप. साखर ४ कप. जॅमसाठी मिळतं ते पावडर पेक्टिन १ पाकीट, म्हणजे साधारण ४९-५० ग्रॅमचं. पाणी पाऊण कप. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा मोजायचा कप, चहाचा नाही. वजनात सांगायचं तर ४ कप साखर म्हणजे ८०० ग्रॅम, आणि २ कप कुस्करलेलं फळ म्हणजे पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास, त्यासाठी अख्खी फळं ६००-७०० ग्रॅम घ्या, देठं आणि खराब भाग जाऊन बरोबर होतात. ह्यातून साधारण पावणेपाच कप जॅम निघतो.

हो, साखर फळाच्या दुप्पट. वाचून दचकायला होतं, मी पण दचकले होते आणि पहिल्या वेळेस सरळ अर्धी साखर घातली. पेक्टिन तेवढंच, ढवळणं तेवढंच, सगळं नीट केलं, दुसऱ्या दिवशी डबा तिरपा केला तर आतला जॅम पाण्यासारखा वाहत एका कडेला आला. तेव्हा कळलं की इथे साखर नुसती गोडीसाठी नसते. पेक्टिन म्हणजे फळांच्या पेशींच्या भिंतीत असणाऱ्या लांबलचक साखळ्या, आणि ह्या साखळ्या एकमेकींना धरून जाळं विणतात तेव्हा जॅम आळतो. पाण्यात नुसत्या असताना त्या एकमेकींपासून लांब राहतात, प्रत्येकीभोवती पाणी असतं आणि त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो म्हणून त्या एकमेकींना ढकलतात. साखर ते पाणी स्वतःकडे ओढून घेते, फळातलं आम्ल तो भार कमी करतं, आणि मग साखळ्या जवळ येतात. साध्या पेक्टिनला हे जमायला एकूण मिश्रणात साधारण ५५ टक्क्यांच्या वर साखर लागते. वरच्या प्रमाणाचा हिशोब करून बघा, फळातली स्वतःची आणि पेक्टिनच्या पाकिटातली साखर धरून ५५-५७ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे जेमतेम काठावर! त्यातली एक वाटी जरी कमी केली तरी आपण काठाच्या खाली जातो. शिजवलेल्या जॅममध्ये पाणी आटतं त्यामुळे साखर थोडी कमी पडली तरी ती आटून आटून दाट होते, इथे आटणं हा प्रकारच नाही, जे घातलं तेच राहतं.

त्यामुळे कमी साखरेचा हवा असेल तर साखर कमी करायची नाही, पेक्टिन बदलायचं. कमी साखरेसाठी वेगळं पेक्टिन मिळतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, त्यातले काही प्रकार साखरेऐवजी कॅल्शियमच्या मदतीने आळतात. आणि एक फ्रीझर जॅमसाठीच बनवलेलं इन्स्टंट पेक्टिन असतं, ते साखरेत मिसळायचं, फळात घालून तीन मिनिटं ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं, गॅस लावायचाच नाही आणि साखरही फळाच्या निम्म्याहून कमी लागते. मिळालं तर पहिल्यांदा करणाऱ्यांनी तेच घ्यावं असं माझं मत आहे. ह्या सगळ्या पेक्टिनचं प्रमाण वेगवेगळं असतं, म्हणून पाकिटात जो कागद असतो तो वाचायचा आणि त्यातलंच प्रमाण पाळायचं, एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावायचं नाही. निव्वळ पेक्टिन पावडर, जी मिठाई वगैरे करणाऱ्यांसाठी सुटी मिळते, ती तर अजूनच वेगळी, जॅमच्या पाकिटातल्या पेक्टिनमध्ये साखर आणि आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे ५० ग्रॅमच्या जागी ५० ग्रॅम शुद्ध पावडर घातली तर चमचा उभा राहील.

बरं, हे सगळं घालायची गरज का तर स्ट्रॉबेरीत स्वतःचं पेक्टिन कमी असतं. सफरचंद किंवा लिंबूवर्गातल्या फळांच्या सालीत भरपूर असतं, बाजारातलं पेक्टिनही मुख्यतः त्यांच्यापासूनच काढतात. स्ट्रॉबेरीला बाहेरून मदत लागतेच. त्यातल्या त्यात कच्चट फळात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही जास्त, म्हणून पिकलेल्या फळांत मूठभर थोडी कमी पिकलेली असली तर चालतं, चांगलंच आहे ते.

करायच्या दिवशी स्ट्रॉबेरी फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. गार फळात साखर लवकर विरघळत नाही आणि दुसरं म्हणजे उकळतं पेक्टिन गार फळावर पडलं की तिथल्या तिथे धरतं आणि जॅमभर चिकट तुकडे तुकडे राहतात. धुताना देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी देठ काढून मग धुतलं की त्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि आपल्या प्रमाणात नको असलेलं पाणी येतं. धुवून चाळणीत निथळत ठेवा, मग कापडावर पसरून कोरडी करा, मग देठ काढा. दहा मिनिटं जास्त जातात पण जाऊ द्या.

कुस्करायला साधा बटाट्याचा मॅशर घ्या. मिक्सर नको. मिक्सरमध्ये काम चटकन होतं हे खरं, पण त्यात हवा शिरते, फळाचा फेसाळ गुलाबी लगदा होतो, जॅम गढूळ दिसतो आणि तोंडात फळ लागतच नाही. शिवाय २ कप कुस्करलेलं आणि २ कप मिक्सरमधून काढलेलं ह्यात फळाचं वजन सारखं नसतं, म्हणजे पुन्हा प्रमाण गेलं. सगळी फळं एकदम पातेल्यात ओतून वरून दाबत बसलात तर खालची तशीच राहतात आणि वरची निसटून पळतात. त्यापेक्षा पसरट भांड्यात एक थर लावा, मोठी असतील तर अर्धी कापून, आणि मॅशर सरळ खाली दाबा, फिरवू नका. फळ फसकन बसतं, रस बाजूने वर येतो आणि मॅशरच्या भोकांतून छोटे छोटे तुकडे वर निघतात, वाटाण्याएवढे. तेवढेच ठेवा. तो थर मोजायच्या कपात काढा आणि दुसरा लावा. बरोबर २ कप झाले की थांबा, उरलेली स्ट्रॉबेरी खाऊन टाका, ‘एवढीशीच उरली, घालू यातच’ असं करू नका.

आता २ कप फळ मोठ्या भांड्यात घ्या, भांडं दुप्पट मोठं असू द्या म्हणजे मोकळेपणाने ढवळता येईल, आणि त्यात मोजून ठेवलेली सगळी साखर घाला. साखर आधीच वेगळ्या भांड्यात मोजून ठेवायची, घालता घालता मोजली की तिसरा कप होता का चौथा हे हमखास विसरायला होतं. नीट मिसळा आणि १० मिनिटं ठेवा, मधेमधे ढवळा. ह्या दहा मिनिटांत साखरेला पाणी सुटतं, सुरुवातीला ओल्या वाळूसारखं जड लागणारं मिश्रण हळूहळू चकचकीत आणि सैल होत जातं. साखर जाड असेल तर मिक्सरवर थोडी बारीक करून घ्या, पण वजन आधी करा, कारण बारीक केल्यावर कपाचं माप बदलतं. विकत मिळणारी आयसिंग शुगर मात्र नको, तिच्यात बहुतेक वेळा स्टार्च घातलेला असतो, जॅम ढगाळ दिसतो.

तेवढ्यात दुसरीकडे छोट्या पातेल्यात पाऊण कप पाणी घ्या आणि पेक्टिन त्यात थोडं थोडं भुरभुरत घाला, एका हाताने व्हिस्क चालू ठेवा. पाकीट एकदम उपडं केलं तर मोठ्या गुठळ्या होतात, आणि पेक्टिनच्या मोठ्या गुठळ्या वाईट, बाहेरून चिकट आणि आत कोरडी पावडर, त्या नंतर कितीही फेटल्या तरी मोडत नाहीत. भुरभुरत घातलं तरी सुरुवातीला थोडं बारीक गुठळ्यांचं दिसेल, घाबरू नका, तापायला लागलं की ते सारखं होतं. मोठ्या आचेवर ठेवा, सतत ढवळा, आणि खळखळून उकळी आली, म्हणजे ढवळत असतानाही उकळी बसत नाही अशी आली, की तिथून घड्याळ लावून बरोबर १ मिनिट. पेक्टिन पाण्यात पुरतं विरघळायला ही उष्णता लागते, फळ कच्चं ठेवायचं म्हणून पेक्टिन कच्चं ठेवून चालत नाही.

एक मिनिट झालं की गॅस बंद, आणि लगेच, म्हणजे लगेच, ते फळात ओता. पातेल्याला चिकटलेलं रबरी चमच्याने निपटून घ्या. आणि आता ढवळायचं, ३ मिनिटं न थांबता. मी फोनवर टायमर लावते कारण अंदाजाने तीन मिनिटं म्हटली की दीडच मिनिटात हात थांबतो. तळापासून वर, कडेने, चमचा खरवडत ढवळा. साखर विरघळली का हे बघायची माझी पद्धत अशी की चमच्यावरचा थोडा रस बोटांच्या चिमटीत घेऊन चोळायचा, डोळ्यांना दिसत नाही तो कण बोटांना बरोबर लागतो. रवाळ लागलं तर अजून ढवळा. दोन-चार कण राहिले तर काही बिघडत नाही पण चिमटीत स्पष्ट कचकच लागत असेल तर थांबू नका, कारण न विरघळलेली साखर नंतर फ्रीझरमध्ये खडे धरते, आणि जेवढी साखर विरघळली नाही तेवढी आळायच्या कामाला आलीच नाही. तीन मिनिटं हा कमीत कमी आकडा समजा.

फळ फार गोड आणि अजिबात आंबट नसेल तर साखर घालतानाच १ टेबलस्पून लिंबाचा रस घाला. चवीला उठाव येतो आणि आळायलाही मदत होते, कारण वर सांगितलं तसं आम्ल लागतंच. लिक्विड पेक्टिन वापरत असाल तर मात्र लिंबू ऐच्छिक नाही: २ कप फळ आणि ४ कप साखर तीच, पण पाणी आणि उकळणं बाद, ८५ मिलिलिटरच्या एका पाऊचमध्ये २ टेबलस्पून लिंबाचा रस मिसळायचा आणि ते मिश्रण फळात घालून तीन मिनिटं ढवळायचं.

डबे आधीच धुवून, गरम पाण्याने खंगाळून, पूर्ण कोरडे करून ठेवलेले असू द्या, कारण पेक्टिन घातल्यावर मिश्रण तुमच्यासाठी थांबत नाही. डबे लहान घ्या, एक कपाचे. उघडल्यावर तीन आठवड्यांत संपवायचा आहे हे लक्षात ठेवूनच आकार ठरवा. फ्रीझरला चालणारे प्लास्टिकचे डबे सगळ्यात निवांत. काचेची बरणी घ्यायची तर फ्रीझरसाठी चालते असं लिहिलेली आणि सरळ भिंतींची घ्या, खांदा असलेली, म्हणजे वर गळ्याकडे निमुळती होणारी नको. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, जॅममध्ये साखर खूप असल्यामुळे तेवढा फुगत नाही पण फुगतो, आणि निमुळत्या गळ्यात त्याला वर सरकायला जागा मिळाली नाही की काच तडकते. कुठलाही डबा असो, वर अर्धा इंच जागा रिकामी सोडा. कडेला सांडलेलं ओल्या कापडाने पुसा, नाहीतर झाकण चिकटून बसतं, आणि झाकण लावा.

झाकण लावलेले डबे ओट्यावर २४ तास तसेच ठेवा. हलवू नका, तिरपं करून बघू नका, जाळं विणलं जात असतं तेव्हा त्याला धक्का दिला की ते पुन्हा तसं धरत नाही. एवढ्या साखरेत आणि आंबटपणात एका दिवसात काही होत नाही, पण एका दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी डब्यांवर तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपणारा एखादा डबा फ्रिजमध्ये. तारीख लिहायचा कंटाळा करू नका, सगळे लाल डबे सारखेच दिसतात.

फ्रीझर उणे १८ अंशांचा असेल तर जॅम दगडासारखा होत नाही, साखरेमुळे त्यातलं सगळं पाणी गोठतच नाही, चमचा थोडा जोर लावून आत जातो. तरी खायला काढायचा डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा, हळूहळू वितळला की पोत चांगला राहतो. मायक्रोवेव्हमध्ये घाई केली की कडेचं पातळ होतं आणि मधला गोळा तसाच. काढताना चमचा कोरडा आणि स्वच्छ, ब्रेडचा चुरा लागलेला चमचा परत डब्यात गेला की बुरशी तिथूनच सुरू होते. वर बुरशी दिसली, फसफसल्यासारखा वास आला, झाकण फुगलं, तर पूर्ण डबा टाकायचा, वरचा थर काढून खालचा खायचा नाही. एकदा पूर्ण वितळलेला डबा परत गोठवू नका, जाळं तुटतं आणि पाणी वेगळं होतं.

आता बिघडलं तर काय. सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे जॅम आळतच नाही. २४ तासांनंतरही पातळ असेल तर आधी फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवस वाट बघा, काही वेळा आळायला वेळ घेतो, आणि गार झाल्यावर तसाही थोडा दाट होतो. हेही सांगायला हवं की फ्रीझर जॅम बाजारच्या जॅमसारखा सुरीने कापावा असा घट्ट कधीच होत नाही, तो मऊच असतो, चमच्यातून थबकन पडणारा, त्यामुळे मऊ म्हणजे बिघडला असं समजू नका. खरंच वाहत असेल तर कारण बहुतेक ह्या चारातलं एक: साखर कमी, फळ जास्त, पेक्टिन एक मिनिट नीट उकळलं नाही, किंवा पाकीट जुनं झालेलं, पेक्टिनलाही मुदत असते. तो जॅम टाकू नका, फ्रीझरमध्येच ठेवा आणि आइसक्रीमवर, दह्यात, दुधात घाला, फळ आणि साखर कुठे वाया गेलीये, फक्त नाव जॅमऐवजी सिरप झालं.

उलट फार घट्ट, रबरासारखा झाला तर फळ कमी पडलं किंवा पेक्टिन जास्त. चमच्याने फेटून घ्या, सैल होतो. फळ वर तरंगलं आणि खाली नुसती लाल जेली राहिली तर भरायची घाई झाली, डबे भरायच्या आधी आणखी थोडं ढवळायला हवं होतं; चवीला फरक नाही, खाताना हलवून घ्या. वितळल्यावर कडेने थोडं पाणी सुटलं तर तेही ढवळलं की मिसळतं.

आणि दुप्पट करायचा मोह. फळं भरपूर आहेत, एकदम डबल करून टाकू, असं प्रत्येकाला वाटतं. करू नका. मोठ्या भांड्यात तेवढ्याच तीन मिनिटांत साखर विरघळत नाही आणि पेक्टिन सगळीकडे पोचायच्या आत धरायला लागतं. दोन वेळा वेगवेगळा करा, दुसरा घाणा पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात होतो कारण सगळं मांडलेलं असतं. फळं कुस्करून ठेवून पेक्टिन दुसऱ्या दिवशी आणलं तरी चालतं, कुस्करलेलं फळ मोजून फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर वितळवून वापरा.

पेक्टिन मिळतच नसेल तर दोन वाटा आहेत, पण दोन्हीत थोडं सोडावं लागतं. पहिली चिया बियांची: २ कप कुस्करलेल्या स्ट्रॉबेरीत २ टेबलस्पून चिया आणि चवीपुरता मध किंवा साखर, पाच मिनिटांनी एकदा ढवळायचं म्हणजे बिया तळाशी गोळा होत नाहीत, अर्ध्या तासात दाट होतं. फळ कच्चंच राहतं, साखर अगदी कमी, वास शाबूत, पण बिया दाताखाली येतात आणि साखर कमी म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवा, बाकीचा छोट्या डब्यांत गोठवा. दुसरी वाट म्हणजे थोडं शिजवणं: १ किलो स्ट्रॉबेरी, ६०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, आणि जमलं तर एक आंबट सफरचंद सालीसकट किसून, त्यातून पेक्टिन मिळतं. दोन तास ठेवून साखर विरघळू द्या आणि मग पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, पातेलं पसरट असलं की पाणी पटकन आटतं आणि फळ कमी वेळ तापतं. ताटली फ्रीझरमध्ये गार करून ठेवलेली असेल तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा, सुरकुती पडली की गॅस बंद. इथे फ्रीझरमध्येच ठेवायचा असल्याने सुरकुती अगदी हलकी पडली तरी थांबा, तेवढा वास वाचतो. पूर्ण गार झाल्यावर डब्यांत भरा, आणि वरची अर्धा इंच जागा इथेही सोडाच.